लाल दिव्यामागचे कार्ड

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने क्रीडा संघटनांच्या कारभाराचे नियम घालून देणारा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला आणि तेव्हापासून आमच्या पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे बारवर वजने लावून ती उचलण्याच्या खेळाच्या, वर्तुळात एकच वाद रंगतो आहे. एक बाजू म्हणते, संघटना खेळाडूंच्या ताब्यात द्या. ज्याने जन्मात बार खांद्यावर घेतला नाही त्याच्या गळ्यात अध्यक्षपदाचा हार कशाला? दुसरी बाजू म्हणते, बार उचलणे वेगळे आणि संघटना चालवणे वेगळे; हॉलचे भाडे, पोलिसांची परवानगी, ऑडिट, धर्मादाय कार्यालयातले हेलपाटे हे काम मनगटाच्या जोरावर होत नाही. दोन्ही बाजूंचे लोक मला जवळचे आहेत आणि दोन्ही बाजू खुर्चीवरच अडकल्या आहेत असे मला वाटते. खुर्चीवर माजी लिफ्टर बसतो की हार्डवेअरचा व्यापारी, हा दुय्यम प्रश्न आहे. जो आज प्लॅटफॉर्मवर उतरतो, ज्याच्या खिशातून हा खेळ चालतो, त्याला संघटनेत मत आहे का? आणि त्याच्याविषयी घेतलेल्या निर्णयाचे कारण त्याला लेखी मिळते का? बहुतेक ठिकाणी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आज 'नाही' असे आहे, आणि खुर्चीवरचा माणूस बदलल्याने ते आपोआप बदलणार नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, ते आमच्या खेळाच्या नियमातच दडलेले आहे. स्क्वॉट म्हणजे बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणे, बेंच प्रेस म्हणजे बाकावर आडवे पडून बार छातीवरून वर ढकलणे, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहणे. प्रत्येकी तीन अटेम्प्ट. समोर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन पंच. दोन पांढरे दिवे लागले तर लिफ्ट ग्राह्य, दोन लाल लागले तर बाद. एवढे कोणालाही माहीत असते. पण नियमाचा पुढचा भाग प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही: लाल दिवा लावून पंचाची सुटका होत नाही. त्याला कार्डही दाखवावे लागते. स्क्वॉटमध्ये मांडी पुरेशी खाली गेली नसेल तर लाल, वर येताना बार पुन्हा खाली गेला असेल तर निळे, आदेशाआधीच बार रॅककडे नेला असेल किंवा पाय हलवला असेल तर पिवळे. म्हणजे नकार द्यायचा तर कारण सांगून द्यायचा, तिथल्या तिथे द्यायचा, सगळ्या सभागृहासमोर द्यायचा.

काही वर्षांपूर्वीची एक जिल्हा स्पर्धा मला आठवते. मंगल कार्यालयाचा हॉल होता, स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणे तशीच लोंबत होती. मी बाजूच्या पंचाच्या खुर्चीवर होतो. 52 किलो गटातली एक मुलगी पहाटेच्या एसटीने आईबरोबर आली होती. कमरेचा बेल्ट मैत्रिणीकडून मागून आणलेला. शेवटच्या भोकात घालूनही सैल पडत होता म्हणून आईने त्याला खिळ्याने नवे भोक पाडून दिले होते. तिसऱ्या अटेम्प्टला तिने 115 किलोचा डेडलिफ्ट उचलला. गुडघे सरळ, खांदे मागे, सगळे व्यवस्थित. पण मुख्य पंचाचा हात खाली येण्याआधीच तिने आनंदात बार खाली ठेवला. तीन लाल दिवे. ती आमच्याकडे बघत राहिली. आम्ही तिघांनी पिवळे कार्ड वर धरले. तिने ते पाहिले, मान हलवली, हाताचा चॉक झटकला आणि खाली उतरली. रडली असेल, पण भांडली नाही. भांडायचे कशासाठी? आपले काय चुकले ते तिला कळले होते आणि आम्ही तिघांनी ते स्वतंत्रपणे पाहिले होते.

त्याच मुलीचे नाव पुढे एका निवड यादीत नव्हते. तिच्यापेक्षा कमी टोटल, म्हणजे तिन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम लिफ्टची बेरीज, असलेल्या मुलीचे होते. कारण असेलही. वयाचा दाखला अपुरा असेल, फॉर्म उशिरा आला असेल, निवड चाचणीचे वजन वेगळे धरले असेल. तिने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'वरून यादी आली आहे.' प्लॅटफॉर्मवर जिला एका सेकंदात कारण मिळाले, तिला कार्यालयात कारण मिळाले नाही. मधल्या काळात तिने डेडलिफ्ट सोडला नाही, पण चाचणीला येणे सोडले.

आता पैशाचे पाहू. पॉवरलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये नाही. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे आयपीएफ, स्थापन झाला. 1981 पासून हा खेळ वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, आहे. पण ऑलिंपिकचे दार उघडलेले नाही. पॅरालिंपिकमध्ये पॉवरलिफ्टिंग आहे, तिथे फक्त बेंच प्रेस होते आणि त्यात आपल्या राजिंदरसिंग राहेलू यांनी 2004 मध्ये अथेन्सला ब्राँझ, तर सुधीर यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवले. बाकीच्या लिफ्टरांसाठी सरकारी तिजोरीतून येणारा पैसा नाममात्र. त्यामुळे प्रवेश फी लिफ्टरची, प्रवास लिफ्टरचा, सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा स्पर्धेचा पोशाख) आणि बेल्ट लिफ्टरचा, आणि परदेशात निवड झाली तर विमानाचे तिकीटही बहुतेक वेळा लिफ्टरचेच. गावातून वर्गणी निघते, एखादी पतसंस्था मदत करते, कोणाचे मंगळसूत्र गहाण पडते. खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सत्तरहून अधिक वर्षांनीही आमच्या खेळात तीच पद्धत चालू आहे, याचा अभिमान कसा वाटावा?

आणि एवढे करून संघटनेत लिफ्टर कोण असतो? कायद्याच्या भाषेत कोणीच नसतो. आपल्याकडची बहुतेक संघटना म्हणजे एक नोंदणीकृत संस्था असते. तिचे सभासद ठरलेले असतात. जिल्ह्याचे सभासद जिल्ह्याची कार्यकारिणी निवडतात, जिल्ह्याचे प्रतिनिधी राज्याची आणि राज्याचे प्रतिनिधी देशाची. या साखळीत फी भरणारा, वजनकाट्यावर उभा राहणारा, टोटल लावणारा माणूस कुठेच येत नाही. तो स्पर्धक आहे, सभासद नाही.

इथे माझे संघटक मित्र चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. ही माणसे पगार घेत नाहीत. स्वतःची जिम बंद ठेवून, स्वतःच्या टेम्पोतून, स्वतःच्या प्लेट्स हॉलवर आणतात. पहाटे वजने घ्यायची म्हणून रात्री हॉलवरच गाद्या टाकून झोपतात, प्रायोजक आयत्या वेळी मागे फिरला की चषकांचे बिल स्वतः भरतात. मी अशा एका सचिवाला मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवशी कॅलिब्रेटेड, म्हणजे अचूक वजनाच्या, प्लेट्स उतरवून घेताना पाहिले आहे. त्यांनी हे केले नसते तर आज महाराष्ट्रात हा खेळ उरला नसता, हे मी मनापासून मान्य करतो. 'घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायच्या आणि वर हिशेबही द्यायचा?' हा त्यांचा प्रश्न खरा आहे.

पण मला सांगा, कष्टाने हक्क मिळत असेल तर कष्ट दोन्हीकडे आहेत. सचिवाने दोन दिवस दुकान बंद ठेवले, लिफ्टरने दोन वर्षे संध्याकाळ दिली. सचिवाने चषकांचे बिल भरले, लिफ्टरने स्पर्धेचे. शिवाय कारण देणे हा अविश्वास कधीपासून झाला? मी पंच म्हणून कार्ड दाखवतो तेव्हा माझ्या प्रामाणिकपणावर कोणी संशय घेत नसते. उलट कार्ड आहे म्हणून माझा निर्णय टिकतो. ज्या सचिवाने आयुष्य वेचले त्याच्यावर उद्या कोणी 'पैसे खाऊन निवड केली' असा आरोप केला तर त्याच्या बाजूने काय उभे राहणार? भिंतीवर लावलेली, कारणासह लिहिलेली यादी हेच त्याचे संरक्षण आहे.

खुर्चीच्या वादाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे, तेही खेळाच्या मैदानाबाहेर. 1950 च्या सुमारास लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले आणि अध्यक्षपदी बसवले धनंजयराव गाडगीळांना. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यांचे काम पुण्याच्या गोखले संस्थेत. ऊस लावणारा शेतकरी काही ते नव्हते. कोणी म्हटले का, की ज्याने उसाला पाणी दिले नाही त्याने अध्यक्ष होऊ नये? कारण अध्यक्ष कोण यापेक्षा मतदार कोण हे तिथे पक्के होते. शेअर घेतलेला, ऊस घालणारा शेतकरी हा मतदार होता आणि एका सभासदाला एकच मत होते. आमच्या खेळात नेमके उलटे चालले आहे: ऊस घालणाऱ्याला मत नाही आणि अध्यक्षाच्या शेतात ऊस आहे का यावर वाद.

कोणी म्हणेल, त्या सहकाराचे पुढे काय झाले ते दिसते आहेच. मत असूनही घराणी आली, बऱ्याच सभासदांना वार्षिक सभा कधी झाली ते कळत नाही अशी स्थिती अनेक ठिकाणी आली. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि म्हणूनच मी नुसते मत मागत नाही; कार्डही मागतो. मत चार-पाच वर्षांनी एकदा उपयोगी पडते, लेखी कारण मात्र दर निवडीला. सहकारात जिथे हिशेब फलकावर लागत राहिले तिथे संस्था टिकल्या. जिथे फलक रिकामा झाला तिथे मतदानही रिकामे झाले.

माजी खेळाडू आला की सगळे सुरळीत होते, या समजुतीचाही निकाल लागलेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये पी. टी. उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, कार्यकारिणीतही नामवंत माजी खेळाडू होते. तरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून अध्यक्ष आणि कार्यकारिणी यांच्यात दीर्घकाळ जुंपली. यात कोणाचे चुकले हा आजचा विषय नाही. पदकांनी माणूस आदरणीय होतो, पण कार्यपद्धती पदकाबरोबर येत नाही, एवढेच दाखवायचे आहे. नव्या कायद्याने कार्यकारिणी जास्तीत जास्त 15 जणांची, त्यात किमान दोन उत्कृष्ट खेळाडू आणि किमान चार महिला असे बंधन घातले. खेळाडूंची समिती सांगितली. तंटे सोडवायला न्यायाधिकरण सांगितले. हे स्वागतार्हच आहे. पण दोन जागा म्हणजे दोन माणसे. ती कोणाची बाजू मांडणार, हे जर आजच्या लिफ्टरांनी ठरवले नसेल तर ती शोभेची ठरण्याचा धोका आहे. आणि कायदा दिल्लीतल्या महासंघाला हलवील. तालुक्याच्या निवड यादीपर्यंत तो किती वर्षांत पोचेल?

दुसरा वाद याहून कडू आहे, तो 'खऱ्या' आणि 'खोट्या' पदकांचा. वर्तमानपत्रात फोटो येतो, 'राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण', आणि दुसऱ्या दिवशी टोमणे सुरू: कुठल्या संघटनेचे राष्ट्रीय? आयपीएफ एका देशात एकाच महासंघाला मान्यता देतो, पण बाहेर इतर आंतरराष्ट्रीय संस्था आहेत आणि त्यांच्या शाखाही. शिवाय कोणाशीच संलग्न नसलेल्या, फी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्याही आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्राला बाजारभाव आला आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघडकीस आली. बनावट कागद विकणाऱ्याला आणि जाणूनबुजून घेणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ज्या पोराने खरोखर 200 किलो उचलले, ज्याला त्याच्या जिमवाल्याने 'हीच नॅशनल' म्हणून सांगितले, त्याला फोटोखाली 'फेक चॅम्पियन' म्हणून सोलून काढणारे आपण कोण? त्याने संलग्नता तपासायची कुठे? कोणत्या भिंतीवर ती लिहिलेली होती?

एकापेक्षा अधिक संघटना असाव्यात, मक्तेदारी मोडते, असे म्हणणाऱ्यांचेही मी ऐकून घेतो. डावललेल्या मुलाला दुसरे दार मिळते, हे खरेच आहे. पण फुटीची किंमत कोण मोजतो ते पाहा. नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला आणि फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. दोघेही अस्सल पैलवान. दोघांनीही घाम गाळून गदा मिळवली. संघटकांच्या भांडणाने दोघांच्याही गदेवर 'कोणती?' हा प्रश्न चिकटवला. अमेरिकेतही तेच झाले: उत्तेजक चाचण्यांच्या नियमांवरून वाद वाढला आणि 2021 मध्ये आयपीएफने तिथल्या जुन्या महासंघाला, यूएसए पॉवरलिफ्टिंगला, बाहेर काढून नव्याला मान्यता दिली. जागतिक स्पर्धेची तयारी करणाऱ्या लिफ्टरांना रातोरात ठरवावे लागले की कोणता झेंडा, कोणते सभासदत्व. त्यांना विचारून कोणी भांडले नव्हते. आणि आपल्या कुस्तीत तर निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघ निलंबित केला. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडला अंतिम पंघालने जागतिक ब्राँझ जिंकले ते तिरंग्याखाली नव्हे, तटस्थ खेळाडू म्हणून. एकोणीस वर्षांची मुलगी आपले काम चोख करून आली आणि तिच्या पाठीवर देशाचे नाव नव्हते, कारण मोठ्यांनी आपले काम केले नव्हते.

नेतृत्व कशासाठी असते, याचा सगळ्यात जळजळीत दाखला मात्र आमच्याच खेळातला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बिकानेरला सतरा वर्षांची एक राष्ट्रीय पदकविजेती मुलगी सरावात स्क्वॉट करताना 270 किलोच्या बारखाली सापडली आणि गेली. तो व्हिडिओ देशभर फिरला. लगेच दोन तट पडले: 'मुलींना असले खेळ कशाला' म्हणणारे आणि 'अपघात होता, नशीब' म्हणणारे. दोघांनीही विचारायचा प्रश्न सोडून दिला. स्पर्धेत प्लॅटफॉर्मवर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर, म्हणजे लिफ्टर अडकला तर बार धरणारे मदतनीस, असावेत असा नियम आहे. बाजूला दोघे, मागे एक, हात बारखाली तयार ठेवून. मग सरावात? सरावाच्या जिममध्ये सेफ्टी बार, म्हणजे निसटलेला बार अडवणारे आडवे दांडे, आहेत का, प्रशिक्षकाने स्पॉटिंगचे शिक्षण घेतले आहे का, अल्पवयीन लिफ्टरवर किती वजन चढवायचे हे कोण पाहते, याची नोंद कोणती संघटना ठेवते? उत्तेजकांचेही तसेच. 2024 मध्ये भारतात सगळ्या खेळांत मिळून तपासलेल्या 7113 नमुन्यांपैकी 260 दोषी निघाले, मोठ्या देशांत सर्वाधिक प्रमाण आपले. नियमाने शिक्षा लिफ्टरला होते, आणि शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी त्याचीच, हे तत्त्व मला मान्य आहे. पण डब्यातली पावडर हातात ठेवणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षी त्याच संघाचा व्यवस्थापक म्हणून कोटावर बिल्ला लावून उभा असेल, तर शिक्षा कोणाला झाली?

'खेळ लहान आहे' हे यावरचे ठरलेले उत्तर. जिल्ह्यात जाणकार माणसेच सात-आठ. तोच प्रशिक्षक, तोच पंच, तोच निवड समितीत. हितसंबंधांची गुंतागुंत टाळायची कशी? टाळता येणार नाही, हे मी स्वतःवरून सांगतो; माझ्या ओळखीची मुले माझ्यासमोर उचलतात. म्हणूनच तीन पंच वेगवेगळ्या कोनांत बसतात. खेळाने माणसांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही, बसायची जागा आणि दिव्याचे बटण वेगळे केले. निवड समितीत तेच करता येते: ज्याचा विद्यार्थी यादीत आहे त्याने त्या गटापुरते बाहेर बसायचे आणि तसे इतिवृत्तात लिहायचे. याला पैसे लागत नाहीत.

राहिला शेवटचा आक्षेप: लिफ्टरांना मत दिले तर निवडणुकीच्या आदल्या महिन्यात शंभर नावे घुसडली जातील. इतर खेळांत हे होईलही. आमच्याकडे नाव घुसडायचे तर त्या माणसाला वजनकाट्यावर उभे राहून तीनही प्रकारांत किमान एकेक लिफ्ट पांढऱ्या दिव्यांनी पास करावी लागेल. एका प्रकारात तीनही अटेम्प्ट गेले तर टोटलच लागत नाही. गेल्या दोन वर्षांत ज्याची टोटल लागली तो मतदार, अशी यादी करा. स्कोअरशीट हाच तिचा पुरावा. याहून निर्मळ मतदारयादी मला तरी सुचत नाही.

आमच्या जिल्हा संघटनेच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी तीन ठराव लिहून तयार ठेवले आहेत. टोटल लागलेल्या लिफ्टरांना सभासदत्व आणि मत; प्रत्येक निवड यादीबरोबर, डावललेल्या प्रत्येक नावापुढे एका ओळीचे कारण; सराव होणाऱ्या प्रत्येक संलग्न जिममध्ये स्पॉटर आणि सेफ्टी बारची वर्षातून दोनदा तपासणी. सूचक म्हणून खाली माझी सही आहे. अनुमोदकासाठी मी जिममध्ये कागद फिरवला तेव्हा अकरा जणांनी पेन उघडले, त्यात ती 52 किलो गटातली मुलगीही होती. अनुमोदक सभासद असावा लागतो असा नियम आहे, आणि त्या अकरापैकी एकही सभासद नाही. सभा तीन आठवड्यांवर आली आहे आणि ती ओळ अजून कोरी आहे.